दर्यात दुकान नसतं

आमच्या शेजारच्या चाचांच्या घरातून आजवर एकही वस्तू मेली म्हणून बाहेर पडलेली नाही, आणि चाचांच्या अंगात धुगधुगी आहे तोवर पडायचीही नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असा गैरसमज नको. रत्नागिरीत राजिवड्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचं नि आमचं घर शेजारी शेजारी आहे, मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा, आणि त्या गडग्यापलीकडून येणारी ठाकठूक, घासघूस आणि मधूनच उसळणारं "या अल्ला!" ऐकत मी सव्वीस वर्षं काढलीत. चाचा एकतीस वर्षं जहाजांवर फिटर होते, तेही खाली इंजिनरूममध्ये. मी शाळेत भूगोल शिकवते. सुरुवातीला मला वाटलं, चला, जग हिंडलेला माणूस शेजारी मिळाला, वर्गात सांगायला चार गोष्टी मिळतील. "सिंगापूर कसं आहे हो चाचा?" मी विचारलं. "गरम," चाचा म्हणाले. "आणि हॅम्बुर्ग? तिथे तर बर्फ पडतो ना?" "तेही गरम." अख्खी पृथ्वी पालथी घातलेल्या या गृहस्थांनी पृथ्वी अनुभवली ती पाण्याच्या पातळीखालून, आणि तिथे बारा महिने एकच ऋतू! मी मेलं नादच सोडला.

या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं आहे: दर्यात दुकान नसतं. भर समुद्रात पंप बसला, तर कुठे जाणार नवीन आणायला? जे हातात आहे त्यातूनच चालू करायचं, नाहीतर बसा बोंबलत. जहाजावर हे ठीकच आहे हो. पण चाचा निवृत्त होऊन जमिनीवर आले, घरापासून वीस मिनिटांवर सगळी बाजारपेठ, तरी यांचा दर्या काही संपेना. त्यांच्या छत्रीला तीन वेगवेगळ्या छत्र्यांच्या काड्या आहेत आणि मूठ आहे ती कुठल्याशा व्हॉल्व्हची. चपलांना खाली मशीनचा जाड पट्टा लावलाय, त्यामुळे ते चालत आले की घोडा आल्याचा भास होतो. वरची कवळी मध्ये तडकली तेव्हा डॉक्टर म्हणाले नवीन करू, तर चाचांनी ती घरी आणून, घासून, चिकटवून, वर पॉलिश मारून पुन्हा बसवली, आणि गेली सहा वर्षं त्याच कवळीनं ते मला सुनावतायत. शिवाय जहाजावरची सवय म्हणून घराचं लॉगबुक! रोज लिहितात. एकदा मी ते उघडं पडलेलं वाचलं. "पावणेआठ: वीज गेली. आठ दहा: वीज आली. नऊ वीस: बाई तणतणत आल्या. नऊ चाळीस: चहा घेऊन गेल्या. हवा शांत." म्हणजे मी वादळवाऱ्यात जमा.

अख्खी वाडी त्यांच्याकडे मोडकं घेऊन येते. कुणाचा कुकर, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या होडीचा पंप. पैसे घेत नाहीत. पण त्याऐवजी जो हक्क घेतात तो पैशांहून महाग पडतो. वस्तू परत देताना ती वस्तू किती सोसत होती आणि तुम्ही किती कसाई आहात हे ते भर खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, चार माणसांसमोर सांगतात. "शेवटचं तेल कधी घातलं होतंत? आठवत नाही? तिला आठवतंय." माझ्या शिलाई मशीनपायी मी हे ऐकलंय, तेही माझ्याच वर्गातल्या तीन पोरींच्या आयांसमोर. आमच्या ह्यांनी तर एकदा कमालच केली. जुना मिक्सर चाचांनी चौथ्यांदा दुरुस्त करून दिला होता, पण तो चालू केला की ओट्यावरून स्वतःच चालत जायचा, एका हातानं धरून बसावं लागे. शेवटी ह्यांनी नवा घेतला आणि दारूची बाटली आणावी तसा पिशवीत, वर पालेभाजी ठेवून, मागच्या दारानं घरात आणला. दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला घेतली. आवाज गडग्यापलीकडे गेला. चाचा खळ्यात उभे राहिले, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेले. आठ दिवस आमच्याशी अबोला. नवव्या दिवशी ह्यांनीच जाऊन जुना मिक्सर त्यांच्या स्वाधीन केला, तेव्हा कुठे बोलले.

तर लॅपटॉपचं सांगते. चाची जाऊन नऊ वर्षं झाली. एकच मुलगा, मस्कतला बायकामुलांसह असतो. तो माझा विद्यार्थी; भूगोलात कच्चा पण मनानं लाख. चार वर्षांपूर्वी जाताना आपला वापरातला लॅपटॉप तो बापाला देऊन गेला. कारण चाचांच्या हातात मोबाइल चालत नाही. अक्षरशः चालत नाही. आयुष्यभर लोखंड घासून, गरम नळ्या धरून त्यांची बोटं अशी गुळगुळीत झालीत की त्या काचेच्या मोबाइलला ती बोटं माणसाची वाटतच नाहीत. ते बिचारे दाबत बसतात आणि मोबाइल ढिम्म. म्हणून खिशात बटणांचा फोन, आणि त्यावर मुलगा नको ते बोलायला लागला की "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" करून ठेवून द्यायचा. खरं बोलणं लॅपटॉपवर. मगरिबची नमाज झाली की साडेसातला मुलगा पडद्यावर यायचा, बापाला डोळे भरून बघायचा, बाप काय जेवला ते विचारायचा, आणि मग रोज त्याच एका वाक्यावर यायचा. "अब्बा, आता एकट्यानं नका राहू. इकडे या." बहात्तर वर्षांचा एकटा माणूस, भोवती पावसाळा, निसरड्या पायऱ्या. मुलाचं काय चुकत होतं? पण चाचा म्हणायचे, "दिसतोय ना रोज? धडधाकट दिसतोय ना? मग?" आणि मुलाला गप्प बसावं लागे. चाचांचं रत्नागिरीतलं राहणं असं त्या पडद्यावर टिकून होतं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी चाचांनी लॅपटॉप उचलून खिडकीत ठेवला. कशाला? तर मुलाला भरती दाखवायला. "बघ, पाणी कुठवर आलंय, तुझ्या मस्कतात आहे का असं?" त्या खिडकीची कडी अर्थातच चाचांनी स्वतः दुरुस्त केलेली होती. वारा आला, कडी निसटली, झडप लॅपटॉपवर आपटली आणि पाऊस नि खाडीचं उडतं खारं पाणी दोन्ही मिळून आत शिरलं. पडदा काळा. तिकडे मस्कतात मुलानं शेवटचं बघितलं ते काय, तर बापाचा वासलेला जबडा आणि धाडकन आवाज! त्यानं मला फोन केला तेव्हा पोरगा रडवेला झाला होता. मी धावत गेले, तर चाचा लॉगबुक लिहीत बसलेले. "सात बावन्न: लॅपटॉपमध्ये पाणी. खारं."

मुलानं मग सरळच सांगितलं. "बाई, तुम्ही समजवा. मी नवीन लॅपटॉप पाठवतो, गुपचूप घ्या म्हणावं. आणि घ्यायचा नसेल तर पंधरा दिवसांनी मी येतो, घराला कुलूप लावतो आणि त्यांना घेऊन जातो. मला रोज दिसल्याशिवाय मी नाही राहू शकत." मला ते पटलं. मी पदर खोचून गेले आणि म्हटलं, "चाचा, हट्ट पुरे. नवीन घ्या." चाचांनी चष्मा काढला. "बाई, आज लॅपटॉप बदला म्हणतो. मी बदलला की त्याला कळेल, बाप ऐकतो. उद्या घर बदला म्हणेल." "मग पंधरा दिवसांत हा चालू झाला नाही तर?" "होईल." "आणि नाही झाला तर?" त्यावर चाचा चिडून त्यांच्या घरच्या बोलीत बरंच काही बोलले. ती बोली मला सगळी कळते, पण इथे लिहिण्याजोगं त्यात काही नव्हतं.

तरी मीही मास्तरीणच. रिक्षात घालून त्यांना मारुती मंदिराकडच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार चाळिशीचा, शांत, सभ्य माणूस. त्यानं लॅपटॉप हातात घेतला, तिरका केला. आतून चमचाभर पाणी काउंटरवर पडलं. "काका, बोर्ड गेला. खारं पाणी आहे, वाचत नाही. याच्या दुरुस्तीत घालाल त्यात थोडे टाकून नवा येईल." चाचांनी विचारलं, "उघडून बघितलात?" "उघडायची गरज नाही काका, अनुभव आहे." "नाडी न बघता मढं ठरवलंत?" दुकानदार हसला. म्हणाला, "आता कोणी दुरुस्त करत नाही काका. बदलतात." बस्स! तेवढं बोलायला नको होतं त्यानं. चाचांनी लॅपटॉप काउंटरवरून उचलला, आपल्या त्या तीन छत्र्यांच्या छत्रीखाली पोटाशी धरला, आणि म्हणाले, "बदलायला अक्कल लागत नाही, पाकीट लागतं." लाजेनं मेले ती मी.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पडवीत पांढरी चादर अंथरली. चादर माझी. लॅपटॉपचे स्क्रू काढून ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ठेवायचे होते, त्यासाठी आप्पेपात्र. तेही माझं. पहिल्या खळग्यात पाठीचे, दुसऱ्यात पंख्याचे, असे बारा खळगे भरले आणि आमच्या घरात पंधरा दिवस आप्पे बंद झाले. काम जहाजावरच्या पाळीप्रमाणे: चार तास काम, आठ तास विश्रांती, मग पुन्हा चार तास. मध्ये कुणी कुकर घेऊन आलं तर "जहाज गोदीत आहे, नंतर या" म्हणून परत. तिसऱ्या पाळीला मी चहा घेऊन गेले, आणि जे बघितलं त्यानं माझ्या हातातला कप खाली पडायचाच बाकी होता. चाचा न्हाणीच्या दगडावर उकिडवे बसले होते, एका हातात लॅपटॉपचा तो हिरवा बोर्ड, आणि दुसऱ्या हातातल्या तांब्यानं त्याच्यावर पाणी ओतत होते! तांदूळ धुतात ना, तसा धूत होते!

"अहो चाचा! अहो, काय करताय! पाण्यानंच मेलाय ना तो!"

"खाऱ्या पाण्यानं," चाचा शांतपणे म्हणाले. "हे गोडं आहे. जहाजावर मोटर बुडाली समुद्राच्या पाण्यात, तर आधी काय करतात? गोड्या पाण्यानं धुतात. पाणी मारत नाही बाई. मीठ मारतं. पाणी सुकून जाईल, मीठ बसून राहील." मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, मस्कतचं विमान ठरलं म्हणून समजा. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपलं आप्पेपात्र आणून ठेव आधी."

धुतलं ते सुकवायचं कुठे? जुलैत रत्नागिरीत अंगावरचा कपडा सुकत नाही, भिंतींना बुरशी येते. चाचांच्या घरात आंघोळीच्या पाण्यासाठी अजून चूल पेटते, आणि चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, बांबूच्या काठ्यांची आडवी शिडी टांगलेली आहे. पावसाळ्यासाठीचे सुके बांगडे, सोडे, सगळं त्या शिडीवर उबेला असतं. चाचांनी बोर्ड फडक्यात गुंडाळून बांगड्यांच्या शेजारी ठेवला. आठ दिवस! रोज सकाळी उतरवून नाकाशी धरायचे, हुंगायचे आणि "अजून ओल आहे" म्हणून परत वर ठेवायचे. बांगड्यांच्या वासात ओलीचा वास त्यांना कसा कळत होता, देव जाणे. आमची मांजरी ते आठ दिवस त्यांच्या उंबऱ्यावरून हलली नाही.

अकराव्या दिवशी त्यांनी सगळं जोडलं, आप्पेपात्राचे खळगे एकेक करून रिकामे केले, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी गडग्याशी उभी होते. मला वाटलं, आता ओरडतील, आदळआपट करतील, निदान मला तरी काही लागेलसं बोलतील. चाचांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, तिथल्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे. एसी असतो." मी म्हटलं, "हो, ऐकलंय." "मी काय करू तिथे? तो कामाला जाणार, सून कामाला, पोरं शाळेत. इथे कुणी ना कुणी येतं. हे मोडलं चाचा, ते मोडलं चाचा. तिथे मला सोफ्यावर बसवतील आणि हातात टीव्हीचा रिमोट देतील." आणि माझ्याकडे न बघता, "मला भीती वाटते हो," म्हणाले.

सव्वीस वर्षांत हा माणूस मला कधी घाबरलेला दिसला नव्हता. इतके दिवस मी मुलाच्या बाजूनं होते. समजूतदारपणाची बाजू ती, आणि मास्तरणीला समजूतदारपणाची सवयच असते. पण त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी घरी गेले आणि मस्कतला फोन लावला. "हे बघ," मी म्हटलं, "पंधरा दिवस म्हणालास ना? अकरा झालेत. उरलेले चार पुरे होईपर्यंत विमानाचं तिकीट काढलंस तर याद राख. आणि तोवर मी दोन्ही वेळा त्यांना बघून तुला कळवत जाईन. नववीत तुला भूगोलात काठावर पास करताना मी नाही घाई केली." तो म्हणाला, "पण बाई, तो लॅपटॉप मेलाय." मी म्हटलं, "उघडून बघितलास?" फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाचं वाक्य बोलले. जळ्ळं मेलं, संगतीचा दोष.

मग आम्ही दोघं हट्टाला पेटलो. मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोठं भिंग आणलं, शाळा सुटली की टॉर्च धरून उभी राहायला लागले. चाचा त्या बोर्डाची एकेक रेघ, मुंगीच्या पायाएवढं एकेक टोक बघत सरकत होते. "उजेड इकडे. हलवू नका. बाई, श्वास तिकडे सोडा." तेराव्या दिवशी सापडलं. एका बारक्या जोडाच्या तळाशी हिरवट पूड साचली होती. मीठ जाताजाता तेवढी जागा खाऊन गेलं होतं. चाचांनी जुन्या टूथब्रशनं ती जागा घासली, स्पिरिटनं पुसली, आणि ज्या हातांना मोबाइल माणसाचे हात मानत नाही त्या हातांनी केसाएवढी तार तिथे डाग देऊन बसवली. चौदाव्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं. पंखा घुरघुरला. पडवीभर सुक्या बांगड्यांचा खमंग वास सुटला. आणि पडदा उजळला! मी, चव्वेचाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई, टाळ्या पिटत नाचले. चाचांनी फक्त लॉगबुक ओढलं आणि लिहिलं, "सहा एकोणीस: चालू."

साडेसातला मुलगा दिसला. पडद्यावर मधोमध एक निळी रेघ उभी, पण रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून मुलगा पुरता होता. बापाला बघून त्याचे डोळे भरले. मग तो बोलायला लागला. तोंड हलतंय, आवाज नाही. चाचांनी कान दाखवला, हात हलवला, नाही म्हणाले. मुलानं ओरडून बघितलं असावं, कारण मागून नातू दचकून आत आला. आणि तेव्हा चाचांनी हातवारे सुरू केले. इंजिनरूममध्ये म्हणे इतका गोंगाट असतो की तोंडानं बोलून उपयोगच नाही. तिथे सगळं हातांनी चालतं. अंगठा वर म्हणजे सुरू, मुठी एकमेकींवर म्हणजे घट्ट कर, तळहात सपाट म्हणजे सगळं ठीक. चाचांनी तळहात सपाट धरला. जेवलो. तळहात सपाट. पाऊस खूप. तळहात सपाट. मुलानं "इकडे या" म्हणून हात हलवला, तर चाचांनी तो सरळ सलामच समजून उलट सलाम ठोकला! हातांनी भांडण होत नाही हो. मुलगा शेवटी हसायला लागला. आणि पंधरा दिवसांची मुदत, कुलूप, विमान, सगळं त्या हसण्यात वाहून गेलं.

मुलगा पडद्यावरून गेल्यावर मी विचारलं, "आवाजाचं काय झालं?"

"काही नाही. एक तार सुटलीय."

"मग जोडा ना!"

चाचांनी लॅपटॉप मिटला, वर रुमाल टाकला. "जोडली तर तो बोलायला लागेल," ते म्हणाले.

दोन महिने हे असंच चाललं. कशी लबाडी पण! रोज संध्याकाळी पडवीत मूक सभा, इकडून हात, तिकडून हात. मुलगाही ते हातवारे शिकला, नातू तर फारच पटाईत झाला. चाचा खुशीत होते. वाडीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला लॅपटॉप हुंगायला देत होते. मग सप्टेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी मी भाजी निवडत होते, तर गडग्यापलीकडून पुरुषाचा आवाज आला. चाचांचा नव्हे. मी भाजी टाकून गेले. चाचा पडद्याला कान लावल्यासारखे पुढे वाकून बसले होते, आणि मुलगा बोलत होता, खणखणीत ऐकू येत होता.

"जोडलीत?" नंतर मी विचारलं. चाचा म्हणाले, "आठ दिवस बघतोय. हसतो, तळहात सपाट करतो. पण यंत्र डोळ्यांनी बघून कळत नसतं बाई. वरून सगळंच चकचकीत दिसतं. कान लावल्याशिवाय आत काय झिजतंय ते समजत नाही." त्यांनी कान लावला आणि पहिल्या पाच मिनिटांत समजलं. मुलाच्या कंपनीत जुनी माणसं काढून नवी भरायचं चाललंय. यादी निघायचीय. पोरगा दोन महिने ते एकटाच पोटात घेऊन बसला होता, आणि आवाज नाही हे त्यालाही बरंच पडलं होतं. मला त्याचा राग आला, आणि वाईटही वाटलं. तेव्हापासून साडेसातला मला घरबसल्या सगळं ऐकू येतं. तो म्हणतो, अब्बा, तुम्ही इकडे या. चाचा म्हणतात, तू इकडे ये. तो म्हणतो, मी येऊन तिथे काय करू? चाचा म्हणतात, काय करू म्हणजे? आधी ये, मग बघू. दोघंही तेवढेच हट्टी, एकही मागे हटत नाही. पण चाचांच्या आवाजात हल्ली तो तोरा नसतो. ये म्हणताना तो आवाज थोडा खालीच लागतो.

परवा सकाळी त्यांच्या खळ्यात टेम्पो उभा राहिला. प्लॅस्टिकात गुंडाळलेली, नवी कोरी, हातभर जाड गादी उतरली. मी डोळे चोळून बघितलं. "चाचा, नवीन?" चाचा टेम्पोवाल्याच्या पाठीकडे बघत राहिले. "वरच्या खोलीतली कापसाची आहे. पिंजून घेता आली असती," म्हणाले. "पण त्याला तिकडे असल्याची सवय झालीय. पाठ धरेल त्याची." मी विचारलं, "येतो म्हणाला का?" "नाही. रोज नाहीच म्हणतो." टेम्पो गेला. जिना अरुंद, गादी अवजड. चाचांनी एक टोक खांद्यावर घेतलं आणि पहिल्याच पायरीवर दम लागून थांबले. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघं एकेक पायरी मोजत ती गादी वर घेऊन गेलो.